तेल पंप, मोटार एंजिनातील

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या तळाशी साठलेले वंगण तेल दाबाखाली धारव्यांपर्यंत (बेअरिंगांपर्यंत) व इतर घासणाऱ्या भागांपर्यंत पोहोचविणारे साधन. एंजिनाच्या मानाने तेल पंपाचे वजन नगण्य असते. तो बाहेरून दिसत नाही व एंजिन सुरळीत चालत असेपर्यंत त्याची कोणास आठवणही होत नाही. तथापि तो बंद पडल्यास थोड्याच मिनिटांत भुजादंड (क्रँकशाफ्ट) धारव्यांत आवळला जातो आणि एंजिन निकामी होते. झिजलेला तेल पंप काढून दुसरा बसविणे हे काम म्हणूनच वाटते तितके किरकोळ नाही. दाब कमी होण्याचे कारण पंपात आहे की धारव्यांत, हा निर्णय त्याआधी करावा लागतो. आणि तो चुकला, तर पंपावरील खर्च वाया जातो व पुढे एंजिनही जाते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सार्वजनिक स्वरूप आले ते राज्य परिवहनामुळे. पुण्याच्या वायव्येस मुळा व पवना या नद्यांच्या संगमानजीक असलेल्या दापोडी येथे राज्य परिवहनाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. खाजगी मोटारीच्या बाबतीत जो निर्णय एखादा मिस्त्री कानाने व अनुभवाने घेतो, तोच हजारो गाड्यांच्या बाबतीत मोजमापाने व नोंदीने कसा घ्यावयाचा, हे अशा कार्यशाळांना ठरवावे लागले.

इतिहास : वंगण हा मराठी शब्द मूळचा बैलगाडीच्या आसाचा. गाडीवान अधूनमधून आसाला तेल-चोपड घालीत असे आणि आसाच्या कुरकुरण्यावरून त्याची वेळ ठरत असे. पहिल्या वाफ-एंजिनांचे वंगणही फार निराळे नव्हते. प्रत्येक धारव्यावर तेलाची पेली असे व तीतून थेंबाथेंबाने तेल पडे. तेल नेमके काय करते, याविषयी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणालाच स्पष्ट कल्पना नव्हती.

बोशँ टॉवर या इंग्रज अभियंत्याने लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसांच्या धारव्यांवर प्रयोग केले व १८८३ मध्ये त्यांचे वृत्त प्रसिद्ध झाले. तेल घालण्यासाठी त्याने धारव्याच्या माथ्यावर एक भोक पाडले होते. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. भोकात बूच बसविले, तेही बाहेर फेकले गेले. शेवटी तेथे दाबमापक जोडला, तेव्हा त्याने चौरस इंचास २०० पौंडांहून अधिक (सु. १४ किग्रॅ./चौ. सेंमी.) दाब दाखविला. आस धातूवर टेकलेला नसून तेलाच्या पातळ थरावर तरंगत आहे, असा याचा अर्थ होता. ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये या थराचे गणित मांडले. धारव्यात भार पेलणारा दाब पंप निर्माण करीत नाही, तो फिरणारा दंड स्वतःच निर्माण करतो; पंपाने केवळ तेल तेथे पुरेसे व अखंड पोहोचवावयाचे असते. दुरुस्तीच्या कामात आजही जे गैरसमज आढळतात, त्यांतील बरेचसे या एका गोष्टीच्या विस्मरणातून झालेले आहेत.

दाबाखाली वंगण देण्याची कल्पना बर्मिंगहॅम येथील बेलिस कारखान्यातील ए. सी. पेन या आरेखकाने १८९० मध्ये जलद फिरणाऱ्या वाफ-एंजिनासाठी पुढे आणली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एफ. डब्ल्यू. लँचेस्टर यांनी तिचा उपयोग मोटारगाडीत केला. परंतु ती लगेच सार्वत्रिक झाली नाही. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने निघालेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीच्या एंजिनात तेल पंप नव्हताच. फिरणारे जडचक्र तळातील तेल उडवी व ते एका नळीतून पुढील भागाकडे वाहत जाई. सपाट रस्त्यावर हे साधे तंत्र चांगले चाले. लांब चढावर मात्र तेल मागे सरकून पुढील धारवे कोरडे पडण्याचा संभव असे. बोर घाटासारख्या चढणीचा विचार केला, तर दाबयुक्त वंगण ही चैन नसून गरज होती, हे ध्यानी येईल. गती व अश्वशक्ती वाढत गेली तशी तेल शिंपडण्याची पद्धत मागे पडली आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात पंपाने सर्व धारव्यांना तेल देण्याची पद्धत जवळजवळ सर्वत्र रूढ झाली.

रचना व झीज : मोटारीतील सर्वांत परिचित तेल पंप दोन दंतचक्रांचा असतो. ही रचना मोटारीहून पुष्कळच जुनी असून खाणीतील पाणी उपसण्यासाठी तसा पंप ज्योतिर्विद योहानेस केप्लर यांनी सतराव्या शतकाच्या प्रारंभी कल्पिला होता. एका घट्ट बसणाऱ्या आवरणात दोन दंतचक्रे एकमेकांत गुंतून फिरतात. दातांमधील खाचांत सापडलेले तेल आवरणाच्या कडेकडेने पलीकडे नेले जाते आणि मध्यभागी दात गुंतलेले असल्यामुळे ते परत येऊ शकत नाही. दुसऱ्या प्रकारात आतील व बाहेरील असे दोन घूर्णक असून आतील घूर्णकाला एक दात कमी असतो. अनेक एंजिनांत पंपाला गती कॅम दंडावरील तिरप्या दंतचक्राकडून मिळते. पेट्रोल एंजिनांत पुष्कळदा तोच उभा दंड वरच्या बाजूस ठिणगी-वितरकही (डिस्ट्रिब्यूटर) फिरवितो. पंपाच्या निर्गमाजवळ स्प्रिंगची दाबमोचक झडप असते. एंजिन थंड व तेल घट्ट असताना दाब बेसुमार वाढू लागला, म्हणजे ती उघडून जादा तेल परत तळाशी सोडते.

पंप सतत तेलातच बुडालेला असताना तो झिजतो कसा, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे, की एंजिनातील इतर सर्व भागांना गाळणीतून आलेले तेल मिळते, पंपाला मात्र न गाळलेले. त्याच्या तोंडाशी फक्त तारेची जाळी असते. धूळ, काजळी व धारव्यांचा झडलेला धातू असे तिच्यातून निसटणारे सारे बारीक कण प्रथम पंपाच्या दातांतून जातात. तेलाची गाळणी स्वतःदेखील तशी उशिराच आली. अमेरिकेत प्यूरोलेटर या नावाने ती १९२३ मध्ये निघाली. आरंभीच्या गाळण्यांतून तेलाचा थोडाच भाग जाई व उरलेला न गाळताच धारव्यांकडे जाई. धुळीच्या कच्च्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांत पंपाची झीज अधिक का होई, हे यावरून समजते.

झीज अल्प दिसली, तरी तिचा परिणाम अल्प नसतो. अरुंद फटीतून गळणाऱ्या तेलाचे प्रमाण फटीच्या रुंदीच्या घनाच्या पटीत वाढते. दंतचक्राची बाजू व झाकण यांच्यामधील फट ०·०५ मिमी. असताना जेवढे तेल मागे गळते, त्याच्या आठपट तेल ती फट ०·१० मिमी. झाली असता गळते. त्यात तेलाची श्यानता (दाटपणा) उष्णतेने झपाट्याने कमी होते. मोटारीतील सामान्य एकश्रेणी तेल ४०° से. पासून १००° से. पर्यंत तापले, म्हणजे त्याची श्यानता सु. दहाव्या हिश्शावर येते. सकाळी आगारातून निघताना भरपूर दाब दाखविणारी गाडी दुपारी घाट चढून वर थांबल्यावर मंद गतीत दिवा लावते, याचे कारण हेच. पुष्कळ मोटारींत दाबाचा आकडा दाखविणारा मापक नसून केवळ लाल दिवा असतो. दाब अगदी तळाला गेल्यावरच तो लागतो. त्यामुळे तो सूचना देतो म्हणण्यापेक्षा निकाल देतो म्हणणे अधिक बरोबर. दिवा लागताच एंजिन बंद करणे हाच एकमेव मार्ग होय. प्रवाशांनी भरलेली गाडी निदान पुढल्या थांब्यापर्यंत न्यावी, हा चालकाला होणारा मोह समजण्यासारखा आहे, पण त्या दोन-तीन किलोमीटरांची किंमत एका भुजादंडाइतकी होऊ शकते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : भारतात मोटारी प्रथम आयात होत व नंतर आणलेले भाग जोडून तयार होऊ लागल्या. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत जोडणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापून कुर्ला येथे मोटारनिर्मितीस हात घातला. स्वातंत्र्यानंतर १९५३ च्या प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनुसार प्रत्यक्ष निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या जोडणी कारखान्यांना वाव उरला नाही आणि परदेशी कंपन्यांनी येथील जोडणी आवरती घेतली. देशी उद्योगाला संरक्षण मिळाले हे खरे, पण त्यांच्या हजारो गाड्या रस्त्यावर राहिल्या व त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. भाग बदलण्याऐवजी तो पुन्हा घडविण्याची जी परंपरा येथील गॅरेजांत व लेथच्या दुकानांत वाढली, तिचे मूळ या टंचाईत आहे. तिच्याकडे निव्वळ जुगाड म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. मापे पाळून केलेली पुनर्बांधणी नव्या भागाच्या तोडीची असू शकते.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आरंभीच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टूडबेकर, मॉरिस कमर्शिअल, ॲल्बियन, लेलँड, कॉमर व फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. दहा बनावटी म्हणजे दहा प्रकारचे तेल पंप, दहा प्रकारची धारव्यांची मापे आणि भांडारात दहा वेगवेगळे कप्पे. एका गाडीचा पंप दुसरीला बसत नसल्याने दोन बंद गाड्यांतून एक चालू गाडी करणेही कित्येकदा अशक्य होई. पुढे ताफा प्रामुख्याने टाटा व अशोक लेलँड या दोन देशी बनावटींवर स्थिरावला, याची कारणे अनेक असली, तरी सुट्या भागांची ही अडचण त्यांत लहान नव्हती. टाटा कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून मालगाड्या व बसगाड्यांचे सांगाडे बनविण्यास सुरुवात केली. ट्रक-बसच्या जगात प्रसिद्ध पावलेल्या टाटा ६९७ या डीझेल एंजिनाच्या नावातच त्याची मापे आहेत : सहा सिलिंडर व ९७ मिमी. व्यास.

परिवहनातील देखभालीची रचना तीन पायऱ्यांची आहे. रोजची निगा आगारात, त्याहून मोठे काम विभागीय कार्यशाळेत आणि प्रामुख्याने गाडीचे कवच बांधणे व मोठ्या भागांची पुनर्बांधणी मध्यवर्ती कार्यशाळेत. दापोडीखेरीज अशा मध्यवर्ती कार्यशाळा औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा व नागपूरजवळ हिंगणा येथे उभारण्यात आल्या. लाकडी कवचे जाऊन पोलादी व १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियमची कवचे आली, तो बदल प्रवाशांना दिसला. एंजिनाच्या आतील शिस्त दिसण्यासारखी नव्हती. मोठ्या परिवहन उपक्रमांत एकक-विनिमय पद्धत रूढ आहे. बिघडलेले एकक गाडीतून काढून त्याजागी राखीव साठ्यातील पुनर्बांधणी केलेले एकक बसवितात, म्हणजे गाडी एकाच दिवसात रस्त्यावर येते व काढलेल्या एककाचे काम सवडीने होते. लंडनच्या बससेवेने १९२१ मध्ये चिझिक येथे याच तत्त्वावर कार्यशाळा काढली होती. या पद्धतीत पुनर्बांधणी करणारा कामगार व गाडी चालविणारा चालक एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये विश्वासाचे साधन एकच, मापांची नोंद.

दापोडीच्या परिसरालाही या बाबतीत महत्त्व आहे. खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स (१९४६) व सैन्याची रणगाडे दुरुस्त करणारी कार्यशाळा, दापोडीतच सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, पुढे पिंपरी-चिंचवडमध्ये टाटा कंपनीचा व आकुर्डी येथे बजाज टेंपोचा कारखाना, भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्था (१९६७) अशी एंजिनाशी निगडित संस्थांची रांगच या परिसरात तयार झाली. धातूची भुकटी दाबून व भाजून भाग घडविण्याचा महिंद्र सिंटर्ड प्रॉडक्ट्स हा कारखाना पिंपरीतच होता. तेल पंपातील घूर्णकांसारखे भाग या तंत्राने बिनकटाईचे व नेमक्या मापाचे होतात. पूर्वी परदेशातून आणावा लागणारा भाग अशा रीतीने कार्यशाळेच्या शेजारीच बनू शकेल, अशी स्थिती काही दशकांत आली.

निदान व बदली : दाब कमी असल्याची तक्रार आली असता पंपाला हात घालण्यापूर्वी गाडीवरील मापक वा दिवा बाजूला ठेवून स्वतंत्र दाबमापक जोडतात. एंजिन पूर्ण तापल्यावर मिनिटाला दर १,००० फेऱ्यांमागे साधारणपणे ०·७ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब असावा, असा ठोकताळा आहे. निर्मात्याने दिलेला आकडा अर्थातच अधिक प्रमाण. दाब खरोखरच कमी असेल, तर तेलाची पातळी व प्रत, तेलात उतरलेले इंधन, दाबमोचक झडपेत अडकलेला कण, चोंदलेली जाळी व शोषण नळीच्या सांध्यातून शिरणारी हवा ही स्वस्त कारणे आधी तपासतात. यांपैकी एकही नसल्यास पंप किंवा धारवे.

येथेच खरी कसोटी लागते. धारवा व भुजादंड यांच्यामध्ये ठेवावयाची फट दंडाच्या व्यासाच्या सु. हजाराव्या हिश्शाइतकी असते. ६० मिमी. व्यासाला ०·०६ मिमी. ती झिजून दुप्पट झाली, म्हणजे तेल निसटून जाते व उत्तम पंपही दाब टिकवू शकत नाही. अशा एंजिनात नवा पंप घातला, तर काही आठवडे आकडा सुधारतो व पुन्हा घसरतो. मधल्या काळात धारवे आणखी झिजतात. जाड तेल ओतून दिवा विझविण्याची युक्ती याहून वाईट. पहाटेच्या थंडीत तेच तेल धारव्यांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून तेलाचे पात्र (गॅरेजच्या भाषेत चेंबर) उतरविल्यावर निदान एका संयोग दांड्याची टोपी उघडून धारव्याची कवचे पाहणे व दंडाचे माप घेणे आवश्यक मानतात. कवचांचा करडा थर जाऊन खालचे तांबे दिसू लागले असेल, तर केवळ पंप बदलून भागणार नाही. भुजादंड घासून ०·२५ किंवा ०·५० मिमी. कमी मापाची कवचे घालावी लागतील. 

पंप काढल्यावर त्याचे झाकण उघडून दंतचक्रांवर सरळ पट्टी ठेवतात व तिच्याखालील फट पातळ पात्यांच्या मापकाने (फीलर गेजने) मोजतात. दातांची टोके व आवरण यांमधील फट आणि दातांमधील ढिलाईही पाहतात. मर्यादा एंजिनागणिक निराळ्या असल्या, तरी सर्वसाधारणतः ०·१५ मिमी. च्या पुढे गेलेला पंप परत बसवीत नाहीत. पुष्कळदा दंतचक्रे शाबूत व झाकणावर मात्र वर्तुळाकार चरे पडलेले आढळतात. असे झाकण सपाट काचेवर पॉलिशकागद ठेवून हलक्या हाताने घासले, की पूर्ववत होते. अर्ध्या तासाच्या या कामाने पुरा पंप वाचतो. पंपाचा दंड, त्याची छिद्रे अथवा दंतचक्रे गेली असतील, तर मात्र संपूर्ण पंप बदलणेच शहाणपणाचे. नवा पंपही मोजूनच बसवावा. बाजारात हुबेहूब खोक्यात मिळणारे नकली भाग ही मोटार-व्यवसायाची जुनी व्याधी आहे.

बसविण्यापूर्वी पंपात तेल भरून तो हाताने फिरवितात. कोरडा पंप हवाच ढकलत राहतो व तेल ओढू शकत नाही. शोषण नळीच्या सांध्याचे पॅकिंग नवे घालतात, जाळी धुतात, गाळणी बदलतात. पंप व वितरक एकाच दंडावर असल्यास काढण्यापूर्वी वितरकाची स्थिती खुणेने नोंदवून ठेवणे विसरता कामा नये. एक दात चुकला, तरी ठिणगीची वेळ बदलते व एंजिन सुरू होत नाही. सर्व जोडणी झाल्यावर पेट्रोल एंजिनाच्या ठिणगी-गुडद्या (प्लग) काढून किंवा डीझेल एंजिनाचे इंधन बंद ठेवून एंजिन आरंभकाने (स्टार्टरने) थोडे थोडे फिरवितात. मापकावर दाब दिसल्याखेरीज एंजिन सुरू करीत नाहीत. जुना धारवा वितळून गेलेला असेल, तर भुजादंडातील तेलाच्या वाटा तारेच्या कुंचल्याने व दाबाच्या हवेने साफ कराव्या लागतात, अन्यथा आदल्या बिघाडाचा धातू नव्या पंपातून नव्या धारव्यांत जातो. पुनर्बांधणी केलेले एंजिन लवकर का गेले, या चौकशीत हे कारण पुष्कळदा शेवटी सापडते.

अलीकडील बदल : आधुनिक मोटारींत पंप बहुधा भुजादंडाच्या पुढील टोकावरच बसविलेला असतो व त्याचे आवरण एंजिनाच्या पुढील झाकणाचाच भाग असते. तो बदलण्यासाठी चेंबरबरोबर दाते-साखळी वा पट्टाही उतरवावा लागतो. गरजेपुरतेच तेल देणारे बदलत्या क्षमतेचे पंपही इंधन-बचतीसाठी वापरात आले. अशा पंपांचे झाकण काचेवर घासून चालत नाही. सबंध पंप बदलतात. कुर्ला येथे जन्मलेली प्रीमियर पद्मिनी ही मुंबईची टॅक्सी या बाबतीत जुन्या पिढीची होती. तिचे उत्पादन थांबल्यानंतरही टॅक्सीचालकांनी जुन्या भागांवर व मिस्त्रींच्या हातावर ती वर्षानुवर्षे चालविली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

सार्वजनिक परिवहनात मुदतीचा हा प्रश्न अधिक कडक झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी व परिवहन उपक्रमांच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. चौदाव्या वर्षी एंजिनाची पूर्ण पुनर्बांधणी करावी की केवळ पंप व कवचे बदलून उरलेला काळ काढावा, हा हिशेब त्यामुळे बदलला. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर (आता अहिल्यानगर) या १९४८ च्याच मार्गावर राज्य परिवहनाची ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी गाडी सुरू झाली. तिच्यात अंतर्ज्वलन-एंजिन नाही, त्यामुळे एंजिनाचा तेल पंपही नाही. विद्युत् घटमाला व चलित्र थंड ठेवणारे द्रव फिरविण्यासाठी अशा गाड्यांत वेगळे पंप असतात आणि ते विजेवर चालतात.